दोराचे आठ दिवस

मला कुणी विचारलं, की बाई गं, तुझे चांगले दिवस कुठले, तर मी पटकन सांगेन. दोराचे आठ दिवस. पण विचारतंय कोण? घरात माणसं दोन, मी आणि माझे सासरे. आणि मामंजींच्या कानाशी ढोल बडवला तरी ते म्हणणार, "काय? मीठ संपलं?"

आमच्या वस्तीत घरं आठ आणि विहीर एक. विहिरीला रहाट एक, पोहरा एक, दोर एक. दोर रात्रीचा विहिरीवर ठेवायचा नाही, दवाने कुजतो. म्हणून तो आठ-आठ दिवस घरोघर फिरतो. ज्याच्या घरी पाळी, त्याने संध्याकाळी दोर गुंडाळून खांद्यावर टाकून घरी न्यायचा, उजाडायच्या आत आणून रहाटावर चढवायचा, आणि सकाळची शेवटची घागर भरेपर्यंत तिथून हलायचं नाही. विरला, तुटला तर त्यानेच बघायचं. नवव्या दिवशी पुढच्या दारी. हा नेम कुणी घातला ते मामंजींनासुद्धा माहीत नाही, आणि त्यांना आमच्या विहिरीच्या दगडांचं वयसुद्धा माहीत आहे.

बाकीच्या बायकांना ही पाळी म्हणजे डोक्याला ताप. सकाळची घाई, चूल पेटायची असते, आणि हिने जाऊन विहिरीवर राखण करत बसायचं! मला मात्र त्या आठ दिवसांची वाट बघायची सवय लागली होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. लेक लांब दिली. फोनवर "बरी आहेस ना?" म्हणते, मी "बरी आहे" म्हणते, की झालं बोलणं. पण दोर माझ्या हातात असला की आठ घरांना माझ्याशी बोलावंच लागायचं. काही नाही तर "सोड गं दोर" एवढं तरी. शिंपीण यायची ती सुनेची गाऱ्हाणी घेऊन, ती गेली की सून यायची सासूची गाऱ्हाणी घेऊन. मी दोघींना म्हणायची, "तुझंच बरोबर आहे बाई." दोघी खूश होऊन जायच्या आणि माझा दिवस भरून जायचा.

मला सगळे धाकटी म्हणतात. थोरल्या जाऊबाई शेजारीच राहतात, मधे एक भिंत. दोर त्यांच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून शिंपिणीकडे, शिंपिणीकडून गवंडीकाकांकडे, असा पुढे जायचा. गवंडीकाका वस्तीत वयाने मोठे. विहिरीचा कठडा त्यांनीच बांधलेला, त्यामुळे विहिरीवरचं भांडण त्यांच्याचकडे जायचं.

त्या साली पाणी लवकर खाली गेलं. थंडी पुरती सरली नव्हती तोवर दोर अपुरा पडायला लागला. जाऊबाईंची पाळी संपून दोर माझ्या घरी आला तेव्हा पोहऱ्याच्या बाजूला चार हात लांबीचा जोड दिलेला होता. सकाळचं पाणी भरून झाल्यावर, त्याच दुपारी भावोजींनी वासराचं जुनं दावं घेऊन जोडलं होतं. मी ती गाठ दोनदा उलटून बघितली.

आता आमचं घरच दोर वळणाऱ्यांचं. घायपाताच्या पात्यांचा वाख, म्हणजे तंतू काढायचा, झोडपायचा, वाळवायचा आणि वळायचा, हा मामंजींचा धंदा. नवऱ्यामागे तो मी उचलला. थोरल्या भावोजींना मात्र तो कधी आलाच नाही. ते डावखुरे. मामंजींनी लहानपणी त्यांच्या डाव्या हातावर किती मारलं असेल याला गणती नाही, पण हात काही बदलला नाही. गाठ मारली की ती उलटी पडायची, आणि गाठीबाहेरचं शेपूट इतकं आखूड सोडायचे की ओल्या वजनाने ते आत सरकायचं. त्या जोडाचं शेपूट बोटभर होतं.

मी तेव्हाच म्हटलं, "जाऊबाई, ही गाठ जरा नव्याने मारू का?"

त्या हसल्या. "का गं? तुझ्या भावोजींना साधी गाठ मारता येत नाही म्हणतेस?"

"तसं नाही हो."

"मग राहू दे. त्यांना कळलं तर आठ दिवस तोंड फुगवून बसतील. भोगायचं मला आहे."

आमच्यात दुसऱ्याने मारलेली गाठ त्याला विचारल्याशिवाय सोडत नाहीत. धंद्यातली रीत आहे ती. गाठ सोडली म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर सांगितलं की तुला येत नाही. त्यात ते थोरले दीर. मी गप्प बसले. ती माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी शिंपिणीची सून पाणी ओढत होती. नवी नवरी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अंगाने किरकोळ, पण चपळ. पोहरा निम्म्यावर आला असेल, ती मागे रेलून ओढत होती, आणि दोराचं टोक गाठीतून सरकून सुटलं. खाली धप्प आवाज झाला. ही पोर दोर हातात धरून उलटी कठड्याबाहेरच्या दगडावर आपटली. मनगट अंगाखाली आलं. मी धावले तर हात असा वाकडा लोंबत होता, आणि ती रडायचंसुद्धा विसरली होती.

तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. दुपारी सगळे विहिरीवर जमले. वर राहिलेल्या दोराचं टोक साधं होतं, तुटलं नव्हतं. गाठ, जोड आणि पोहरा तिन्ही खाली गाळात गेली होती. गळ टाकून बघितला, काही लागलं नाही.

गवंडीकाका म्हणाले, "जोड कुणी दिला होता?"

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला वाटलं, आता बोलतील. एवढं तर बोलतीलच. भावोजी मागे उभे होते, ते वर आभाळात बघत होते, जसा काही पाऊस येणार होता. मी वाट बघितली. माझ्या तोंडावर नाव आलं होतं, अगदी ओठांवर. पण म्हटलं, ज्याचं त्याने सांगावं, आपण कशाला घरातली लाज चव्हाट्यावर मांडायची.

"दोर हिच्याकडे होता," शिंपीण म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "आणि दोर वळणाऱ्या घरची आहे ही. हिला गाठ कळत नाही तर कुणाला कळते?"

ते मात्र खरं होतं. मी मान खाली घातली. मान खाली घातली म्हणजे कबूल केलं, असं सगळ्यांनी धरलं.

गवंडीकाका वाईट माणूस नव्हे. एवढंच म्हणाले, "सूनबाई, राहिलेले दोन दिवस दोर शिंपिणीकडे जाऊ दे." आणि मग थांबून, "नवा दोर मात्र तुलाच वळावा लागेल. अखंड. जोड नको."

त्या संध्याकाळी जाऊबाई भिंतीवरून वाटीभर आमटी देऊन गेल्या.

नवा दोर वळायला आम्हाला अकरा दिवस लागले; तोवर जुन्या दोराला गवंडीकाकांनी नवा जोड आणि नवा पोहरा लावून दिला. वाख भिजवून झोडपला, हातांना खाज सुटली, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. वळायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. मामंजी आकडा धरून बसायचे आणि मी वीस पावलांवरून पीळ देत यायची. हाक मारून उपयोग नाही, म्हणून आमचं बोलणं दोरातून. एक झटका दिला की थांबा, दोन दिले की ताणा. कधीकधी ते उगाचच झटका द्यायचे. मी बघितलं की हसायचे. त्या दिवसांत माझ्याशी थट्टा करणारं तेवढंच एक माणूस होतं.

विहिरीवर काय झालं ते मी मामंजींना सांगितलं नव्हतं. असली गोष्ट त्यांच्या कानात ओरडायची म्हणजे आठ घरांना दवंडी देण्यासारखंच. त्यांना एवढंच कळलं की दोर तुटला आणि नवा पाहिजे. ते मोठ्या हौसेने बसले. प्रत्येक वीत बोटांनी चाचपून बघायचे. "हां!" म्हणायचे. त्यांचं "हां" शिंपिणीच्या दारापर्यंत जायचं.

दोर झाला. रहाटावर चढला. सगळ्यांनी ओढून बघितला, कुणी वाईट म्हटलं नाही. दोर माझ्या हातचा चालला, पण मी चालेना. मी घागर घेऊन गेले की बोलणी थांबायची. "भरून घे बाई तू," म्हणायच्या आणि बाजूला सरायच्या. मला वाटायचं, त्यापेक्षा शिव्या द्या. शिंपीण तर माझ्यादेखत दोर दोन्ही हातांनी चाचपायची, वरपासून खालपर्यंत, मग पोहरा सोडायची. सून पांढऱ्या पट्टीतला हात गळ्यात अडकवून दारात बसलेली दिसायची. मी दोनदा तिला बघायला गेले. दोन्ही वेळा शिंपीण म्हणाली, "झोपलीय."

जाऊबाईंची वाटी मात्र रोज यायची. आमटी, कधी भाजी, कधी भाताची कढत मूद. भिंतीवरून हात यायचा, वाटी ठेवायचा, जायचा. पुढेपुढे त्या थांबायला लागल्या. "मामंजींचा खोकला कसा आहे?" "लेकीचा फोन आला का?" इतक्या वर्षांत त्या माझ्याशी इतकं बोलल्या नव्हत्या. मला कळत होतं ते कशामुळे आहे. तरी मी वाटीची वाट बघायची. माणसाला भूक लागली की ते ताटाची नक्षी बघत नाही.

मी दिवस मोजत होते. आठ घरांचा फेरा पुरा झाला की दोर पुन्हा जाऊबाईंकडे येणार आणि मग माझ्याकडे. तोवर लोकांचा राग उतरेल, आणि तोवर जाऊबाईही बोलतील, असं मी धरून चालले होते. दोर त्यांच्याकडे आला. त्यांचे आठ दिवस झाले. नवव्या दिवशी संध्याकाळी मी दार झाडलं, दोर टांगायची खुंटी पुसली, केससुद्धा नीट विंचरले, काय हा वेडेपणा! मग उंबऱ्यात बसले.

जाऊबाई खांद्यावर दोर घेऊन बाहेर पडल्या. माझ्या दारासमोर आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पायाखालची वाट बघत तशाच पुढे गेल्या, शिंपिणीच्या दारी. तिथून आवाज आला, "आणलास? ये, ठेव." मी उंबऱ्यातच बसून राहिले. मागून मामंजी म्हणाले, "अगं, दोर आला नाही का?" एवढ्या मोठ्याने, की शिंपीण बाहेर डोकावून गेली.

त्या दिवसाची वाटी मी परत केली. भिंतीवर तशीच ठेवली, भरलेली.

पुढच्या चार-पाच दिवसांत विहीर अगदी तळाला गेली. पोहऱ्यात निम्मं पाणी आणि निम्मा चिखल. गवंडीकाकांनी सांगितलं, गाळ काढायचा, प्रत्येक घरातून एक माणूस. आमच्या घरातून मीच. बायका वर टोपल्या ओढायला होत्या, पुरुष आत. मी म्हटलं, मी आत उतरते. आत निदान कुणाची तोंडं बघावी लागत नाहीत.

खाली गारवा होता आणि घोट्यावर चिखल. वरती आभाळाची गोल चकती, तिच्या कडेने डोकी. आम्ही चौघं होतो, गवंडीकाकांचा मुलगा, दूधवाला, भावोजी आणि मी. भावोजी माझ्याकडे पाठ करूनच फावडं मारत होते, डाव्या हाताने. मी टोपल्या भरत होते. दहा वाजायच्या सुमारास माझ्या हाताला कडी लागली. ओढली तर पोहरा. त्याच्या कडीला चार हात दावं, आणि दाव्याच्या टोकाला ती गाठ. चिखलाने माखलेली, पण आकार धरून बसलेली. उलटी.

मी खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. पहिल्यांदा आनंदच झाला. वाटलं, आत्ता हा पोहरा वर धरते आणि ओरडते, या, बघा सगळ्यांनी, कुणाची गाठ आहे! मग भावोजींची पाठ दिसली. घामाने शर्ट चिकटलेला, मणके दिसत होते. त्यांनी मला काही बघितलं नव्हतं. मला भिंतीवरून येणारा जाऊबाईंचा हात आठवला. म्हटलं, धाकटे, थांब. हा जोड संध्याकाळी जाऊबाईंना नेऊन दाखवायचा. दोघीच. म्हणायचं, आता तरी तुम्ही स्वतःहून सांगा. तेवढं पुरे होतं मला. मी दावं कडीतून सोडवलं, टोपलीच्या तळाला घातलं, वर चिखल थापला आणि दोर हलवला. टोपली वर गेली. मी मागोमाग शिडीने चढायला लागले.

पण वर मामंजी बसले होते. त्यांना घरी चैन पडेना म्हणून सकाळपासून गाळाच्या ढिगाशी येऊन बसलेले, काठीने चिखल चिवडत. मी कठड्यावर हात टेकते तोवर टोपली उलटली होती आणि दावं त्यांच्या पायाशी पडलं होतं. दोर दिसला की त्या माणसाचे हात आपोआप पुढे जातात. त्यांनी ते उचललं, लुगड्याच्या एका चिंधीने पुसलं, आणि गाठीवरून अंगठा फिरवला.

मी धावले. त्यांच्यासमोर बसले. ओठांवर बोट ठेवलं, मान हलवली, नको, नको. पाठीमागे बायका बघत होत्या. मामंजींना वाटलं मी विचारतेय, कुणाची?

"कुणाची म्हणजे?" ते ओरडले. त्यांना हळू बोलता येत नाही, दहा वर्षांत ते विसरूनच गेलेत. "थोरल्याची! डाव्या हाताची गाठ, दुसऱ्या कुणाची असणार!" आणि ते हसायला लागले. तोंडभर हसले. "किती मारलं ह्याला, तरी शेपूट बोटभरच! बघ, बघ!" लेकाचं लहानपण सापडल्यासारखं ते गाठ हातात घेऊन सगळ्यांना दाखवत होते.

कुणी हसलं नाही. विहिरीतून फावड्याचा आवाज येत होता, तो थांबला.

जाऊबाई रहाटाशी उभ्या होत्या. चेहरा असा झाला होता की मला बघवेना. गवंडीकाका उठले, मामंजींच्या हातून दावं घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. मग जाऊबाईंना विचारलं, "दोर हिला दिलात तेव्हाच जोड होता?"

"होता," जाऊबाई म्हणाल्या.

गवंडीकाका माझ्याकडे वळले. "सूनबाई, चुकलं आमचं. तेव्हा बोलायचं होतंस." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शिंपिणीचे दिवस संपले की दोर मागे धाकटीकडे जाईल. हिचे आठ झाले की माझ्या घरी. हिची पाळी हिला मिळालीच पाहिजे."

न्याय झाला म्हणतात तो हाच. मला वाटलं होतं, असं काही झालं की छातीवरचा दगड उतरेल. मी टोपल्या ओढत राहिले. भावोजी शिडीने वर आले, फावडं खांद्यावर टाकून घरी गेले. मामंजी तेवढे खुशीत होते.

दुपारी मी जाऊबाईंच्या दारी गेले. त्या भांडी घासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "झालं मनासारखं?"

"जाऊबाई, मी मुद्दाम नाही हो..."

"मुद्दाम नाही कशी? दोन महिने तोंड शिवून बसलीस आणि आज त्या बहिऱ्या म्हाताऱ्याकडून बोलवून घेतलंस. तेव्हाच म्हणाली असतीस तर आम्ही दोन शब्द ऐकून घेतले असते. आता हे बाहेर तोंड दाखवणार नाहीत."

"तुम्ही का नाही म्हणालात?"

भांड्यावरचा हात थांबला. "मी रोज रात्री म्हणायची, उद्या सांगू," त्या म्हणाल्या. मग पुन्हा घासायला लागल्या. मी उभी होते तशी निघून आले. त्यानंतर भिंतीवरून हात आला नाही.

मधे बाजाराचा दिवस आला. शिंपीण बाजारातून परतली ती निळा नायलॉनचा दोर आणि प्लॅस्टिकची बादली घेऊन. विहिरीवर सगळ्यांना दाखवला. "आपला दोर आपल्या हाती बरा बाई," म्हणाली. "ज्याच्या त्याच्या गाठीवर आपल्या लेकीसुना कशाला टांगायच्या? गाठ कच्ची दिसली तरी कुणी सांगतही नाही." तिचं तरी काय चुकलं? सुनेचा हात तिने दोन महिने गळ्यात बघितला होता. संध्याकाळी दूधवाल्याच्या बायकोने कुणाकडून तरी तसाच मागवला. मग बाकीच्यांनी.

दोर माझ्या घरी आला. शिंपीण स्वतः घेऊन आली, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मनात ठेवू नकोस गं धाकटे." मी म्हटलं, "छे!" खरंच नव्हतं मनात. दोन महिन्यांची सुकलेली होते मी. मी दोर खुंटीला टांगला आणि त्या रात्री मला झोप लागली ती गाढ.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी विहिरीवर होते. दोर चढवला, पोहरा बांधला, रहाटाच्या कण्याला तेलाचं बोट लावलं. गाळ काढल्याने झरे मोकळे झाले होते, खाली पाणी चमकत होतं. पहिली दूधवाल्याची बायको आली. मी दोर पुढे केला.

"असू दे गं," ती म्हणाली, "आमचा आहे." तिने कठड्यावरून आपली बादली सोडली, सरसर ओढली, घागर भरली. मग शिंपीण आली, मग आणखी दोघी. कठड्याच्या चार बाजूंना चौघी उभ्या, चार निळे दोर. कुणाला कुणासाठी थांबायला नको. सगळ्या माझ्याशी नीट बोलल्या बरं का. "कशी आहेस? मामंजी बरे?" पण घागर भरायला लागतो तेवढाच वेळ. पूर्वी ज्याला तास लागायचा ते पाव तासात उरकलं. मी एकटीच उरले, दोर हातात धरून.

तिसऱ्या दिवशी शिंपिणीची सून एकटीच आली. सासू गावाला गेली होती. पट्टी निघाली होती, पण मनगट अजून बारीक होतं आणि बोटं पुरती मिटत नव्हती. सासूची बादली तिला पेलत नव्हती, म्हणून ती नुसत्या घागरी घेऊन आली होती. मी म्हटलं, "थांब, मी ओढते." दोन घागरी ओढून दिल्या. ती कठड्यावर बसली. तिने सासूचं एक गाऱ्हाणं सांगितलं, मग दुसरं. मी म्हटलं, "तुझंच बरोबर आहे बाई." ती हसली. मला इतकं बरं वाटलं, की घरी जाऊन मी मामंजींना त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, "शिंपिणीची सून आली होती!" ते म्हणाले, "ऊन? हो, आहेच आज."

दुसऱ्या दिवशी मी तिची वाट बघत बसले. ती आली, हातात एवढीशी पिवळी बादली आणि बारीक दोर. "ह्यांनी आणली, खास माझ्यासाठी," म्हणाली. "बघा ना किती हलकी! एका हाताने येते." तिने ओढून दाखवली. खरंच येत होती. आमचा लोखंडी पोहरा तिला आयुष्यात पुन्हा ओढता आला नसता. मी "छान आहे गं" म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. ती चार खेपा करून गेली. त्यानंतर ती थांबली नाही.

जाऊबाई सगळ्यांच्या शेवटी यायच्या. निळा दोर त्यांच्याकडेही होता. त्या माझ्या समोरच्या बाजूला उभ्या राहायच्या, मधे विहीर. बादली घासली तर खरखर आवाज यायचा, तेवढाच. सातव्या दिवशी मी म्हटलं, "जाऊबाई, तुमच्या दोराची गाठ ढिली आहे." त्यांनी गाठीकडे बघितलं, आवळली, आणि गेल्या.

नवव्या दिवशी मी दोर नीट वेटाळला, खांद्यावर घेतला आणि गवंडीकाकांच्या दारी गेले. ते अंगणात ओळंब्याचा गुंता सोडवत बसले होते. त्यांच्या भिंतीवर दोन निळे दोर वाळत घातलेले होते.

"काका, दोर आणलाय. तुमची पाळी."

त्यांनी दोराकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा ओळंब्याकडे. "अगं, आता..." म्हणाले. आत त्यांच्या सुनेने कान दिला होता, ती म्हणाली, "मामा, उगाच कुणाला पहाटे उठून बसायला लावू नका हं."

"नववा दिवस आहे," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं खरं." ते अवघडले. चांगला माणूस आहे, त्यांना खोटं बोलता येत नाही. "सूनबाई, दोर तुझ्याकडेच राहू दे. तूच वळलायस, तूच नीट ठेवशील. आता पाळीबिळी कशाला? तुझाच समज, कायमचा."

मला आठ दिवस हवे होते. त्यांनी मला सगळे दिवस देऊन टाकले.

मी दोर घेऊन परत निघाले. भर सकाळची वेळ, आठही दारं उघडी, आत भांड्यांचे आवाज. मला वाटत होतं कुणीतरी विचारावं, अगं, दोर घेऊन कुठे? कुणी विचारलं नाही. मामंजी अंगणात वाख उलगडत होते. त्यांनी माझ्या खांद्याकडे बघितलं.

"नववा ना आज?" ते ओरडले. "दिला नाहीस?"

मी त्यांच्याजवळ गेले. कानाशी वाकले आणि जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडले, "कुणाला हवा आहे! कुणालाच नको आहे!"

सगळ्या वस्तीने ऐकलं असणार. भांड्यांचे आवाज क्षणभर थांबले. कुणी बाहेर आलं नाही.

मामंजींनी हात कानामागे धरला. "काय?" म्हणाले.

पुन्हा सांगायची माझी छाती झाली नाही.